अति घाई, खोल पाण्यात नेई

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या वेळेला एक तरुण आत आला. वय २२-२३, घरची मासेमारी. त्याच्या आजोबांच्या दम्यावर आणि वडिलांच्या रक्तदाबावर माझेच औषध चालू, त्यामुळे ओळख तीन पिढ्यांची. हातात एक छापील अर्ज होता. "डॉक्टरांनू, माका एक सही व्हयी," म्हणाला. पाहिले तर तो स्कूबा डायव्हिंगच्या पुढच्या कोर्ससाठी लागणारा वैद्यकीय तपासणीचा अर्ज होता.

मी त्याला तपासले. छाती स्वच्छ, कानाचे पडदे उत्तम, रक्तदाब १२० वर ७६. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. सही करता करता सहज विचारले, "आजवर डाईव्ह किती झाल्या?"

"नऊ."

"आणि आता कसला कोर्स?"

"रेस्क्यू. तो झालो की लगेच डायव्हमास्टर. नाताळाच्या गर्दीआधी कार्ड हातात व्हया."

त्या अर्जात दम्याचा रकाना असतो, फिट येण्याचा असतो, हृदयविकाराचा, मधुमेहाचा, कानाच्या ऑपरेशनचा असतो. घाई आहे का, असा रकाना मात्र नसतो. माझ्या मते तो असायला हवा. मी सही केली, कारण त्याच्या शरीरात काहीच दोष नव्हता. पण त्याला अर्धा तास समोर बसवून घेतले. त्या अर्ध्या तासात जे बोललो तेच आज या सदरात लिहीत आहे.

वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात हा पाण्याखालचा विषय कशाला? आपल्या जिल्ह्यात आता तो घराघरातला होत चालला आहे म्हणून. मालवण, तारकर्ली, देवबाग इथे पर्यटकांना पाण्याखाली नेणारी आपलीच मुले आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पाच-सहा मीटर पाण्यात शिक्षकाच्या हाताला धरून फोटो काढून येणारे पुष्कळ, पण त्यातल्या काहींना गोडी लागते आणि ते रीतसर शिकायला लागतात. कोणी हौसेने, कोणी पोटासाठी. ही मुले पहिली पायरी चढतात तेव्हा त्यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. दुसऱ्या, तिसऱ्या पायरीकडे कोणाचे नसते. माझी काळजी या वरच्या पायऱ्यांची आहे.

पास होण्यापुरते गुण

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'पॅडी' या १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संस्थेच्या पद्धतीने शिकवतात. तिच्या पायऱ्या अशा. पहिला कोर्स ओपन वॉटर. तलावात किंवा उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाईव्ह, आणि १८ मीटरपर्यंत जाण्याचे कार्ड. दुसरा ॲडव्हान्स्ड. यात पाच डाईव्ह, त्यातली एक खोल पाण्यातली आणि एक दिशा ओळखण्याची सक्तीची. दोन दिवसांत हा कोर्स होतो आणि मर्यादा ३० मीटरवर जाते. त्यानंतर रेस्क्यू, म्हणजे संकटातल्या माणसाला वाचवण्याचा. मग डायव्हमास्टर. तो सुरू करायला ४० आणि पुरा करायला ६० डाईव्ह नोंदलेल्या लागतात. शिक्षक व्हायचे तर १००.

आता हिशेब करा. चार आणि पाच मिळून नऊ डाईव्ह झाल्या की ३० मीटरचे कार्ड खिशात. माझ्यासमोर बसलेल्या मुलाच्या नेमक्या नऊच झाल्या होत्या. यात कोणी लबाडी केलेली नाही. नियमात बसेल असेच सगळे आहे. पण हे आकडे किमान आहेत. दहावीला ३५ गुणांना पास करतात. पण ३५ गुण मिळवलेल्या मुलाला आपण दुसऱ्या दिवशी इतरांची शिकवणी घ्यायला बसवत नाही. आरटीओचे लायसन मिळाले त्या संध्याकाळी कोणी आंबोलीच्या घाटातून भरली गाडी खाली आणत नाही. मग समुद्रातच ही सूट कशी?

पाण्याखाली काय बदलते

जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा एक पट दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला तो आणखी एका पटीने वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. पाणबुड्याला श्वासाची हवाही त्याच दाबाने मिळते, नाहीतर छाती फुलणारच नाही. सगळे फायदे-तोटे या एका गोष्टीतून निघतात.

पहिला तोटा हवेचा. पाठीवरची टाकी साधारण ११ लिटरची असते आणि २०० बार दाबाने भरतात, म्हणजे २,२०० लिटर हवा. वर येण्यासाठी ५० बार राखून ठेवायचे. उरली १,६५० लिटर. नवखा माणूस घाबरलेला असतो, तो मिनिटाला २५ लिटर सहज ओढतो. ही हवा त्याला १० मीटरवर ३३ मिनिटे पुरते. ३० मीटरवर मात्र जेमतेम १६ मिनिटे. मुरलेला पाणबुडा मिनिटाला १५ लिटरवर भागवतो, त्याला तिथेच २७ मिनिटे मिळतात. दोघांच्या फुफ्फुसांत काही फरक नाही. फरक आहे तो भीती गेल्याचा, हातपाय झाडणे थांबल्याचा. आणि ती भीती कार्डाने जात नाही. पाण्यात तास काढावे लागतात.

दुसरा तोटा नायट्रोजनचा. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. आपल्या बाजारातला गोटी सोडा आठवा. बाटली बंद असेपर्यंत आत काही दिसत नाही, गोटी दाबली की फेस येतो. पाणबुडा भरकन वर आला की त्याच्या अंगात हाच फेस होतो. सांध्यात झाला तर खांदे-कोपर ठणकतात, पाठीच्या कण्यात झाला तर पाय लुळे पडतात. याला बेंड्स म्हणतात. म्हणून प्रत्येक खोलीला वेळेची मर्यादा आहे. पॅडीच्या तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटे, ३० मीटरला २०, आणि ४० मीटरला फक्त ९.

वरचे दोन हिशेब शेजारी ठेवून पाहा. नवखा माणूस ३० मीटरवर गेला तर वीस मिनिटे व्हायच्या आधी त्याची हवाच संपते, त्याला वर यावेच लागते. थोडा सराव झाला, हवा २७ मिनिटे पुरू लागली, की तोच माणूस वीस मिनिटांची रेघ ओलांडू शकतो. म्हणजे थोडे जमू लागते तेव्हा धोका कमी न होता वेगळा होतो. घाईने शिकलेल्याला हे कळायला वेळच मिळालेला नसतो.

तिसरा तोटा डोक्याचा. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची धुंदी चढू लागते, रिकाम्या पोटी घेतल्यासारखी. कोणाला ती लवकर चढते, कोणाला उशिरा, आणि त्याच माणसाला एखाद्या दिवशी जास्त. आपल्याला चढते कशी, हे हळूहळू खोली वाढवत गेल्याशिवाय समजत नाही.

माझीच गोष्ट

मी उपदेश करतो आहे, पण माझाही हात या चुकीत बुडालेला आहे. २०१८ च्या डिसेंबरात, वयाच्या ४८ व्या वर्षी, मी आपल्याच किनाऱ्यावर ओपन वॉटर केले. चार डाईव्ह, सगळ्या १० मीटरच्या आत-बाहेर. मला आकाश ठेंगणे झाले. दोनच महिन्यांनी अंदमानला हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर गेलो आणि लगेच ॲडव्हान्स्डला नाव घातले. तिथल्या शिक्षिकेने सुचवले होते की आधी दोन-तीन सोप्या डाईव्ह करा. सुट्टी चार दिवसांची, परतीचे तिकीट काढलेले. मी म्हटले, वेळ नाही.

पहिल्या दिवशी तीन डाईव्ह झाल्या. बोटीवर उलट्या झाल्या, रात्री झोप धड लागली नाही, पाणीही कमी प्यालो. दुसऱ्या दिवशी सकाळी खोल डाईव्ह. २८ मीटरवर पोचलो तेव्हा फार प्रसन्न वाटत होते. हवेच्या काट्याकडे पाहिले तर ७० वर होता. आकडा दिसत होता, त्याचा अर्थ लागत नव्हता. शिक्षिकेने वर चलण्याची खूण केली तेव्हा कुठे भानावर आलो, आणि मग एकदम घाबरलो. वर येताना दाब कमी होतो तशी जाकिटातली हवा फुगत जाते, ती थोडी थोडी सोडत यायचे असते. शिकवलेले होते. पण चार उथळ डाईव्हमध्ये ते बोटांत उतरले नव्हते. १४-१५ मीटरपासून मी बुचासारखा वर आलो. ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते, तेही राहिले. श्वास रोखला नाही एवढेच माझे नशीब.

"त्रास होतोय का काही?" शिक्षिकेने तीनतीनदा विचारले. मी नाही म्हणालो. दुपारनंतर उजवा खांदा आतून दुखू लागला, दोन बोटांना मुंग्या आल्या. वीस वर्षे व्यवसाय केलेल्या डॉक्टरने स्वतःचे निदान केले, "टाकी उचलताना खांदा लचकला." मलम चोळले, दुखण्याची गोळी घेतली. रात्री जेवताना बोटीवरचा पोऱ्या माझ्याकडे बघत होता. तो उठून शिक्षिकेला म्हणाला, हे साहेब डाव्या हाताने जेवतायत. तिने मला तिथल्या तिथे प्राणवायूचा मुखवटा लावला, फोनवर पाणबुड्यांच्या डॉक्टरांशी बोलली, आणि सकाळच्या बोटीने मला पोर्ट ब्लेअरला पाठवले. तिथे दाबाच्या बंद कक्षात मला पुन्हा १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली नेले आणि जवळजवळ पाच तासांत सावकाश मूळ दाबावर आणले. दुखणे गेले. परतीचे विमान मात्र बरेच दिवस पुढे गेले. ठरल्याप्रमाणे त्याच सकाळी विमानात बसलो असतो तर केबिनमधल्या कमी दाबाने काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

माझ्या अंगात कुठला रोग नव्हता. सामान चोख होते. समुद्र शांत होता. मी फक्त आठव्या डाईव्हला अशा ठिकाणी होतो जिथे तिसाव्या-चाळिसाव्या डाईव्हला असायला हवे होते.

बोकडांनी शिकवलेला धडा

बेंड्स हा आजार पाणबुड्यांप्रमाणे पुलांच्या मजुरांनीही भोगला. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ मध्ये खुला झाला. त्याच्या पायाचे खोदकाम नदीच्या तळाशी दाबाच्या हवेने भरलेल्या मोठ्या पेट्यांत बसून केले. बाहेर आल्यावर मजूर वाकडे होऊन पडत. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही त्यात जायबंदी झाला. पुढे इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने नौदलासाठी बकऱ्या-बोकडांवर प्रयोग करून १९०८ साली तक्ते छापले. त्याचे सांगणे साधे होते. माणसाला वर आणा, पण टप्प्याटप्प्याने आणा. प्रत्येक टप्प्यावर थांबा, अंगातला वायू बाहेर पडू द्या, मग पुढचा टप्पा. आज मनगटावर संगणक आला तरी तत्त्व तेच.

मला नेहमी वाटते की वर येण्याचा हा नियम शिकण्यालाही लावावा. प्रत्येक कोर्स म्हणजे एक टप्पा. तिथे थोडे थांबायचे, शिकलेले अंगात जिरू द्यायचे, आणि मगच पुढे जायचे. वर येताना थांबायला सांगितले तर सगळे ऐकतात, कारण मनगटावरचे यंत्र वाजते. कोर्स आणि कोर्स यांच्यामध्ये थांबा म्हणून वाजणारे यंत्र अजून कोणी काढलेले नाही.

"दर्यातच वाढलंय"

माझे हे सगळे पुराण ऐकून त्या मुलाने दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही विचार करण्यासारख्या आहेत.

पहिली अशी. "पाण्याक मी कित्याक भियांव? मी दर्यातच वाढलंय." हे खरे आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला पाण्याची भीती घालवायला जे दिवस लागतात ते याचे वाचतात. लाट, ओढ, भरती-ओहोटी त्याला जन्मापासून कळते. पण यातच एक खाच आहे. आपली मुले लहानपणापासून श्वास रोखून बुडी मारतात. जाळे अडकले की खाली जायचे, सोडवायचे आणि छाती फुटायच्या आत सरळ वर यायचे. श्वास रोखलेल्या माणसाला ते चालते, कारण त्याच्या छातीत वरचीच हवा असते. टाकीची हवा घेणाऱ्याला ते चालत नाही. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. श्वास कोंडून धरला तर फुफ्फुस फाटते, आणि त्याला एक-दोन मीटरचे अंतरही पुरे होते. संकटात माणूस काल शिकलेले करत नाही, लहानपणचे करतो. ती जुनी सवय मोडून नवी बसवायला दर्यावर्दी मुलाला शहरातल्या मुलापेक्षा कमी नव्हे, जास्त सराव हवा.

दुसरी गोष्ट पोटाची. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र बंद, चार महिने घरात बसायचे. डायव्हमास्टर झाला तर पगार वाढतो, घराचा हप्ता सुटतो. यावर "घाई करू नकोस" असे पंख्याखाली बसून सांगणे सोपे आहे, हे मला कळते. पण मी त्याला विचारले, डायव्हमास्टर म्हणजे कोण? चार अनोळखी माणसे, कोणी बापाची एकुलती एक लेक, कोणी चाळिशीचा, पोट सुटलेला, गोळ्या खाणारा, अशांना पाण्याखाली सांभाळून परत आणणारा माणूस. घाबरलेला मनुष्य तोंडातला रेग्युलेटर फेकून देतो, दुसऱ्याच्या तोंडातला ओढतो, मुखवटा उपटतो. त्या क्षणी ज्याचे स्वतःचे तरंगणे विचार न करता होते, तोच दुसऱ्याकडे बघू शकतो. ज्याचे अर्धे लक्ष स्वतःच्या जाकिटात, त्याच्यामुळे दोघे जातात. पगार एका हंगामाने उशिरा मिळाला तर घर तगते. एक अपघात झाला तर त्याचे कार्ड, त्याच्या मालकाचा धंदा आणि गावाचे नाव, तिन्ही जातात.

केंद्रचालकांनाही माझी विनंती आहे. नवख्या मुलांना कमी खोलीच्या कामावर एक हंगाम पगार देऊन ठेवा. आणि एकाच मुलाला दिवसभर पर्यटकांबरोबर खाली-वर करायला लावू नका. खोली थोडी असली तरी वारंवार वर येणेही शरीराला सोसत नाही.

मग किती थांबायचे?

ॲडव्हान्स्ड लगेच करूच नये, असे मी म्हणत नाही. शिक्षकाबरोबर आणखी पाच डाईव्ह होतात, हा त्याचा मोठा फायदा. माझे म्हणणे एवढेच की कार्डावर ३० लिहिले म्हणून दुसऱ्या दिवशी एकट्या मित्राबरोबर ३० वर जायचे नाही. ओपन वॉटरनंतर १०-१८ मीटरमध्ये पंधरा-वीस डाईव्ह कराव्यात. मग एका वेळी तीन-चार मीटरच खोली वाढवावी, तीही आपल्यापेक्षा अनुभवी माणूस बरोबर असताना. पंचवीस-तीस डाईव्हनंतर रेस्क्यूचा कोर्स खरा अंगी लागतो.

पण आकडा सगळ्यांना सारखा लागू नाही. म्हणून मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठेवले आहेत. पुढच्या पायरीआधी तेच विचारतो.

पहिला, ५ मीटरवर दोराला न धरता, पाय न मारता, तीन मिनिटे एकाच पातळीत राहता येते का?

दुसरा, काट्याकडे न बघता टाकीत किती हवा उरली हे साधारण १० बारच्या फरकाने सांगता येते का?

तिसरा, पाण्याखाली मुखवटा काढून पुन्हा लावताना छाती धडधडत नाही ना?

लागोपाठ दहा डाईव्हमध्ये तिन्हींचे उत्तर हवे तसे आले तर पुढे जावे. एकदाही चुकले तर आहे तिथेच आणखी दहा.

याशिवाय काही गोष्टी डॉक्टर म्हणून सांगतो.

एका डाईव्हला एकच गोष्ट नवी असावी. नवी खोली असेल तर नवा कॅमेरा नको. नवी जागा असेल तर नवे जाकीट नको.

पावसाळ्याच्या खंडानंतर पहिल्या दोन-तीन डाईव्ह उथळ पाण्यात, शक्य तर शिक्षकाबरोबर कराव्यात. चार महिन्यांत माणूस बरेच विसरतो.

सर्दी असताना पाण्यात जाऊ नये. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन तर नाहीच. तिचा असर खालीच उतरला तर वर येताना कान किंवा कपाळातल्या पोकळ्या कोंडतात.

पंचेचाळिशीनंतर, किंवा रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान असेल तर कुठल्याही वयात, पुढच्या कोर्सआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. पाण्याखाली होणाऱ्या मृत्यूंमागे बऱ्याचदा हृदयाचे दुखणे असते. अर्जावर खोटे 'नाही' लिहू नये.

आदल्या रात्री दारू नको, झोप पुरी हवी, पाणी भरपूर प्यावे. मनगटावरच्या संगणकाला खोली आणि वेळ कळते, तुमचे जागरण कळत नाही.

एका डाईव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाईव्हनंतर निदान १८ तास विमानात बसू नये. आपल्याकडे विमानापेक्षा घाट जवळ आहे, हे विसरू नका. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर गेले की पाणबुड्याच्या हिशेबात ती उंची धरतात, आणि कोल्हापूर, बेळगाव, पुणे, सगळीकडे जायला घाट चढावाच लागतो. पाच-सहा मीटरवर फोटो काढून आलेल्याला यात फारसे भय नाही. पण दोन-तीन दिवस खोल डाईव्ह केलेल्याने ती रात्र खालीच काढावी.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. डाईव्हनंतर चोवीस तासांत सांधा दुखला, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले, चक्कर आली, लघवी अडली, तर ते "लचकले" नव्हे, बेंड्सच, असे धरून चालावे. प्राणवायू लावावा, माणसाला आडवे ठेवावे, ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि तिथल्या डॉक्टरला "मी स्कूबा करून आलोय" हे पहिल्या वाक्यात सांगावे. दाबाचे कक्ष आपल्या देशात मोजक्याच ठिकाणी, मुख्यतः नौदलाकडे आहेत, म्हणून गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. आणि लाज वाटून घेऊ नये. या आजाराला सर्वांत मोठी मदत रुग्णाच्या "मला काही झालेले नाही" या वाक्याची होते. ते वाक्य मी स्वतः बोललो आहे.

अंदमानच्या त्या फेरीनंतर मी वर्षभर पाण्यात गेलो नाही. नंतर डॉक्टरांकडून तपासून घेऊन पुन्हा १० मीटरपासून सुरुवात केली. आज माझ्या वहीत ७१ डाईव्ह आहेत. रेस्क्यू झाला, तोही पंचेचाळिसाव्या डाईव्हनंतर. पुढचे कार्ड घ्यायचा विचार नाही, आणि त्याने माझे काही अडलेले नाही. पंधरा मीटरवर एका खडकाशेजारी अर्धा तास स्थिर राहिलो तर आता जेवढे दिसते, तेवढे पहिल्या वीस डाईव्ह मिळून दिसले नव्हते.

तो मुलगा त्या दिवशी तोंड वाकडे करूनच गेला. परवा बाजारात भेटला. रेस्क्यूचे नाव मागे घेतले नव्हते, फक्त फेब्रुवारीवर ढकलले होते. नाताळात काय करणार, म्हणून विचारले. "उथळातच काम करतलंय, तुमी सांगितल्यावर काय करू?" म्हणाला, आणि खिशातून वही काढून दाखवली. सतरावी डाईव्ह, खोली १२ मीटर, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते, "५ मीटरवर तीन मिनिटे, दोर न धरता. दोन मिनिटांनी पाय मारले."

पाय मारले हे त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते. मला वाटते, हा मुलगा चांगला डायव्हमास्टर होईल. नाताळात नाही झाला तरी.